चित्र बघून नाही, काप बघून घ्या: पझल डेला आणलेलं रेवन्सबर्गरचं १००० तुकड्यांचं कोडं

पाचपैकी पाच. रेवन्सबर्गरचं १००० तुकड्यांचं जिगसॉ, म्हणजे तुकडे जोडून चित्र लावायचं कोडं, जुन्या धाटणीच्या जगाच्या नकाशाचं, आम्ही यंदा २९ जानेवारीला पझल डेच्या निमित्ताने उघडलं आणि ७ फेब्रुवारीच्या रात्री शेवटचा तुकडा बसला. मधले सगळे दिवस डायनिंग टेबल त्या नकाशाकडे होतं आणि आम्ही सोफ्यावर मांडीवर ताटं घेऊन जेवलो, आणि एकानेही एकदाही कुरकुर केली नाही.

ज्यांना हा दिवस माहीत नाही त्यांच्यासाठी, इथे अमेरिकेत २९ जानेवारीला नॅशनल पझल डे म्हणतात. नॅशनल म्हणतात म्हणून सरकारी काही नाही त्यात, सुट्टी नाही, पोस्ट-बँका सगळं चालू असतं. जोडी जिल म्हणून एक बाई आहेत, वर्तमानपत्रांसाठी कोडी तयार करणाऱ्या, त्यांनी हा दिवस सुरू केला आणि मग शाळांनी आणि लायब्रऱ्यांनी तो उचलून धरला. मला तो मनापासून आवडतो कारण तो अगदी बरोबर वेळेला येतो. आम्ही मिनेसोटात राहतो. जानेवारीच्या शेवटी इथे तळी गोठलेली, बाहेर उणे वीस, साडेपाच-पावणेसहाला अंधार, ख्रिसमसची लाईटिंग लोकांनी उतरवलेली, आणि वसंत यायला अजून अडीच-तीन महिने. अशा वेळी घरात चार माणसांनी एका दिव्याखाली बसावं असं काहीतरी लागतंच. इथल्या सेंट पॉल शहरात याच दिवसांत विंटर कार्निव्हल असतो, १८८६ पासूनचा, आणि त्यात जिगसॉची स्पर्धा असते, प्रत्येक टीमला तेच कोडं आणि एकदम सुरुवात. म्हणजे थंडी आणि कोडी हे नातं इथे जुनं आहे.

यंदा आई नाशिकहून आलेली. लोक आई-बाबांना उन्हाळ्यात बोलावतात, पण माझं ऑपरेशन डिसेंबरात होतं म्हणून ती थंडीत आली, आणि तिला बाहेर पडता येत नाही याचं मला फार वाईट वाटत होतं. घरी ती रोज सकाळी चहाबरोबर पेपरमधलं शब्दकोडं सोडवते, पेनने, पेन्सिलने नाही. इथे पेपर नाही, तिच्या मोबाईलवर शब्दकोडं उघडून दिलं तर म्हणाली यात बोटाला काही लागतच नाही. म्हणून म्हटलं या वर्षी पझल डे नीट करायचा आणि चांगलं कोडं आणायचं.

चांगलं म्हणजे काय हे मला मागच्या वर्षी कळलं. तेव्हा मी ऑनलाइन एक स्वस्तातलं १००० चं मागवलं होतं, कंपनीचं नाव घेत नाही, चित्र इतकं सुंदर होतं की बस, तळ्याकाठचं लाल घर आणि पानगळ. उघडलं तेव्हा पिशवीच्या तळाशी चमचाभर पुठ्ठ्याचा भुसा. काही तुकडे एकमेकांपासून पूर्ण सुटलेलेच नव्हते, ओढून वेगळे करायला गेलं की वरचा चित्राचा कागद सालीसारखा निघून यायचा. पण खरा त्रास वेगळा. तळ्याचं पाणी होतं त्यातला कुठलाही तुकडा कुठेही बसायचा. बसायचा म्हणजे अगदी आरामात, आपल्याला वाटायचं झालं, आणि चार दिवसांनी लक्षात आलं की एक अख्खी ओळ चुकलीये, सगळं उसकटलं. शेवटी एक तुकडा कमी निघाला, बरोबर घराच्या दारातला. पोरगा तेव्हा सात वर्षांचा, त्याला रडू फुटलं, आणि मला त्या कोड्याचा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, आणि या अख्ख्या रिव्ह्यूमध्ये मी तेच सांगत राहणार आहे, की जिगसॉ घेताना आपण सगळे चित्र बघतो आणि बघायला पाहिजे काप, म्हणजे तुकडे कसे कापलेत ते. चित्र तुम्हाला दुकानात एक मिनिट दिसतं. काप दहा दिवस बोटाखाली असतो.

हे मी एवढं ठासून का म्हणते तर माझ्या बाबांचा सातपूरला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे, मिठाईची खोकी, साड्यांची खोकी, हल्ली पिझ्झाचीपण. मी शाळेतून तिथेच जायचे आणि पंचिंग मशीनच्या आवाजात अभ्यास करायचे. जिगसॉ आणि मिठाईचं खोकं कापायची पद्धत मुळात एकच आहे. प्लायवूडमध्ये खाच पाडून त्यात स्टीलच्या धारदार पट्ट्या, त्यांना आमच्याकडे रूल म्हणतात, हव्या त्या आकारात वाकवून बसवतात, ती झाली डाय. मग पुठ्ठ्यावर छापील कागद चिकटवून तो त्या डायखाली दाबला की आकार कापून निघतो. खोक्याला सरळ रेषा आणि चार वळणं लागतात. जिगसॉला हजार तुकड्यांची हजार वळणं, ती पट्टी केवढी वाकवावी लागत असेल विचार करा. रूल बोथट झाला की कडेला बुरा येतो, दाब सगळीकडे सारखा नसला की एका कोपऱ्यात पुठ्ठा सुटत नाही. म्हणजे मागच्या वर्षीचा तो भुसा आणि ते न सुटलेले तुकडे बघून मला कोड्याचा नाही, कारखान्याचा निकाल कळला होता. आणि आई तर त्या कारखान्यात पंचवीस वर्षं माल तपासायला बसायची.

म्हणून खोकं उघडल्यावर तिने चित्राकडे बघितलंच नाही. पिशवी फोडली, एक तुकडा उचलला, चष्मा कपाळावर सरकवला, तुकड्याची कड अंगठ्याच्या पोटावरून फिरवली, मग तोच तुकडा आपल्या काळ्या शालीवर घासला. शालीवर काही उतरलं नाही. म्हणाली, "बुरा नाही गं. रूल धारदार आहे यांचा." माझ्या नवऱ्याने खोक्यावरचं चित्र हातात धरून ठेवलं होतं, तो म्हणाला आई, हे बघा ना किती छान आहे, तर म्हणाली बघते, आधी हे बघू दे.

रेवन्सबर्गर ही जर्मन कंपनी, दक्षिण जर्मनीत त्याच नावाचं गाव आहे रेवन्सबुर्ग, तिथली. ओट्टो मायर यांनी १८८३ मध्ये प्रकाशन म्हणून सुरू केली, पुस्तकं आणि मग खेळ, आणि जिगसॉ १९६४ पासून. खोक्याच्या कोपऱ्यात निळा त्रिकोण असतो, इथल्या कुठल्याही खेळण्यांच्या दुकानात लांबून ओळखू येतो. त्यांच्या डाय अजून माणसं हाताने घडवतात असं कंपनी सांगते, आणि तुकडा बसतो त्या घट्ट बसण्याला त्यांनी सॉफ्टक्लिक असं नाव दिलंय. नाव काहीही असो, ते होतं खरं. दोन तुकडे जुळले की बोटाला कळतं. आवाज असा नाही, एक बारीक अडकल्याचा भास होतो, ब्लाउजचं प्रेस बटण लागतं तसा. आणि चुकीचा असेल तर तो बसतच नाही, जवळजवळ बसतो असंही होत नाही. मागच्या वर्षीच्या अनुभवानंतर हे म्हणजे मला केवढं मोठं वाटलं सांगू. समुद्रात एक तुकडा बसला की त्यावर विश्वास ठेवून पुढे जाता येतं.

पुठ्ठा जाड आहे, वरचा कागद गुळगुळीत चकचकीत नाही, कापडासारखा थोडा खरबरीत पोत आहे त्यामुळे वरून दिवा पडला तरी चित्रावर चमक येत नाही. संध्याकाळी पाचपासून दिवे लावून बसणाऱ्या आमच्यासारख्यांना हे फार कामाचं. आम्ही आणखी एक परीक्षा घेतली, ऑस्ट्रेलिया पूर्ण झाल्यावर पोराने दोन्ही हातांनी अख्खा ऑस्ट्रेलिया उचलला आणि आई तव्यावर पोळी टाकते तसा नेऊन त्याच्या जागी ठेवला, एक तुकडा सुटला नाही.

नकाशाच का घेतला याचंही एक कारण आहे. जिगसॉची सुरुवातच नकाशापासून झाली. लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा माणूस होता, त्याने १७६० च्या दशकात लाकडाच्या फळीवर नकाशा चिकटवून देशांच्या सीमांवरून बारीक करवतीने कापला, मुलांना भूगोल शिकवायला. इंग्लंडच्या राजाची मुलं, तिसऱ्या जॉर्जची, असेच कापलेले नकाशे घेऊन शिकली. तेव्हा तुकडे आत्तासारखे एकमेकांत अडकत नव्हते, नुसते शेजारी शेजारी ठेवायचे. आणि लाकडाचं एकेक करवतीने कापायचं म्हणजे ती श्रीमंतांचीच गोष्ट राहिली, पुढे दीडशे वर्षं तरी. ती स्वस्त झाली पुठ्ठा आणि डाय आल्यावर. मंदीच्या काळात, १९३३ च्या सुरुवातीला, अमेरिकेत आठवड्याला १ कोटीच्या आसपास जिगसॉ विकली जात होती, हातात काम नाही, सिनेमाला पैसे नाहीत, आणि पेपरच्या स्टॉलवर दर आठवड्याला २५ सेंटला नवीन कोडं यायचं, औषधांच्या दुकानात आणि लायब्ररीत भाड्यानेही मिळायचं. मी हे आईला सांगितलं तर ती तुकडे निवडता निवडता म्हणाली म्हणजे हे सगळं डायवाल्याने केलं म्हण. मला ते फार पटलं. खेळ शोधला नकाशेवाल्याने आणि घरोघरी पोचवला डायवाल्याने.

आता प्रत्यक्ष लावण्याबद्दल. तयार झाल्यावर साधारण २७ बाय २० इंच होतं, म्हणजे ७० बाय ५० सेंटिमीटर, चार माणसांच्या टेबलावर मावतं पण तुकडे पसरायला वेगळी जागा लागते. इथे बरेच जण ड्रॉवरवाला पझल बोर्ड घेतात. आम्हीही घेतला होता, कुठल्या कंपनीचा ते सोडा, लाकडी म्हणून विकला आणि ड्रॉवर दुसऱ्या दिवशीच अडकायला लागले, घरात हीटरने हवा कोरडी झाली की फळी वाकते बहुतेक. तो परत पाठवला. मग आईने कपाटातून स्टीलची जेवणाची ताटं काढली आणि एक परात. परातीत सगळे तुकडे ओतून ती तांदूळ निवडल्यासारखी बसली, मांडी घालून, खाली, सतरंजीवर. कडेचे एका ताटात, अक्षरं असलेले एका ताटात, जमीन एका ताटात, आणि निळा-करडा समुद्र तीन ताटांत. दीड तासात तिने हजार तुकडे निवडले. आम्ही तिघं मिळून तोपर्यंत कडेच्या चार बाजूसुद्धा पूर्ण करू शकलो नव्हतो. ताटाला कड असते, ते उचलून टेबलाच्या या टोकाहून त्या टोकाला नेता येतं, रात्री एकावर एक रचून ठेवता येतात. पझल बोर्डावर पैसे घालू नका, ताटं काढा.

कड झाल्यावर प्रत्येकाची आपापली रीत दिसायला लागली आणि मला तोच भाग सगळ्यात आवडला. पोरगा किनाऱ्यावरून जायचा, इटलीचा बूट, अरबस्तानची टाच, असा आकार ओळखून. आई अक्षरांवरून. नकाशावर नावं इंग्रजीत आहेत, देशांची, समुद्रांची, मोठी नावं चार-पाच तुकड्यांवर पसरलेली, आणि ती शब्दकोडं सोडवते तशीच बघायची की इथे ए आहे, मग तीन अक्षरं रिकामी, पुढे सी, म्हणजे हे आफ्रिका. तिचं इंग्रजी बोलणं थोडकंच आहे पण अक्षर अर्धं कापलेलं असलं तरी ते कुठलं हे तिला आमच्या आधी कळायचं. नवरा आकारावर. त्याने समुद्राची तीन ताटं आपल्याकडे घेतली आणि चित्राकडे बघणंच सोडलं, दोन मुंड्या दोन खाचा, तीन मुंड्या एक खाच, असे गट पाडून एकेक लावून बघत बसला. बाहेर आलेल्या गोळ्याला आमच्या घरात मुंडी म्हणतात, बाकीचे काय म्हणतात ठाऊक नाही.

आणि इथेच परत काप. समुद्र म्हणजे चित्राची मदत जवळपास शून्य, थोड्या रेघा आणि एखाददुसरं जहाज, बाकी सगळा एक रंग. तिथे फक्त आकार बोलतो. रेवन्सबर्गरचं म्हणणं आहे की त्यांचे कुठलेही दोन तुकडे सारखे नसतात, आणि आमच्या समुद्रापुरतं मी ते मान्य करते. एकाची मुंडी तिरकी, एकाची रुंद, एकाचा खांदा उतरता. तीन रात्रींनंतर नवरा तुकडा उचलून नुसत्या स्पर्शाने सांगायला लागला की हा अटलांटिकचा नाही, याची खाच मी खाली बघितलीये. एकदा तो बरोबर निघाला तेव्हा आईने टाळ्या वाजवल्या. जावयाचं तिने एवढं कौतुक मी या आधी केलेलं बघितलं नव्हतं, आणि तो लाजला.

हिंदुस्थान मात्र कुणाला लावू द्यायचा नाही असं पहिल्या दिवशीच ठरलं होतं, तो आईचा. जगाच्या नकाशात आपला देश किती तो, मोजके तुकडे. तिने ते पाचव्या दिवशी एका बशीत वेगळे काढून ठेवले होते आणि शनिवारी सकाळी, सगळे उठायच्या आधी, चहाबरोबर लावले. मी जिन्यावरून बघत होते. शेवटी तिने बोट ठेवून बघितलं नाशिक साधारण कुठे येईल ते, मग तिथून बोट पश्चिमेला समुद्रावरून, आफ्रिकेवरून, अटलांटिकवरून, मोकळ्या राहिलेल्या भोकांवरून, इथपर्यंत आणलं. मी खाली गेलेच नाही तेवढा वेळ.

पझल डेच्या दिवशी पोराच्या शाळेत प्रत्येकाने घरून एक कोडं न्यायचं होतं, कसलंही चाललं असतं. आजीने त्याला आधी आपली उखाण्यातली कोडी घातली, सुपभर लाह्या त्यात एक रुपया, ते त्याने इंग्रजीत करून बघितलं आणि म्हणाला यात मजाच राहत नाही. आकाश, चांदण्या आणि चंद्र हे उत्तर बरोबर, पण ज्याने लाह्या आणि सूपच बघितलं नाही त्याला कसं सुचणार. मग बत्तीस चिरे त्यात नागीण फिरे, दात आणि जीभ, ते जमलं, ते कुठेही चालतं. पण शेवटी त्याने नेलं ते दुसरंच. आमच्या देवळालीत द. रा. कापरेकर म्हणून शाळामास्तर होते, आकड्यांशी खेळण्यात आयुष्य घातलेला माणूस, त्यांनी १९४९ मध्ये ६१७४ या आकड्याचं गुपित मांडलं. चार आकडी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्यापासून लहान असे मांडा, त्यातून लहानापासून मोठे असे मांडून वजा करा, उत्तराचं परत तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येता आणि मग तिथेच अडकता. आजीने त्याला कारखाना सुरू झाला ते वर्ष दिलं, १९८३. ९८३१ वजा १३८९, ८४४२. मग ५९९४, मग ५३५५, मग १९९८, मग ८०८२, मग ८५३२, आणि सातव्याला ६१७४. पुरे सात. तो कागद घेऊन शाळेत गेला आणि संध्याकाळी सांगत आला की अख्खा वर्ग आपापल्या वाढदिवसाचे आकडे घेऊन वजाबाक्या करत होता आणि बाईंनी विचारलं हे कुठलं, तर त्याने सांगितलं माझ्या आजीच्या गावचं. आजी त्या रात्री दोन घास जास्त जेवली.

हे कोड्याच्या रिव्ह्यूमध्ये कशाला असं कुणी म्हणेल, पण हा दिवस नसता तर आजीला ते सांगायला कारणच मिळालं नसतं, म्हणून लिहिलं.

कुणी घ्यावं, कुणी घेऊ नये. तुमचं पहिलंच जिगसॉ असेल तर १००० नको, ३०० किंवा ५०० घ्या, आणि समुद्र नाहीतर आकाश जास्त असलेलं चित्र तर नकोच, पंधरा मिनिटांत धीर सुटेल. पहिल्यासाठी भरगच्च चित्र घ्या, दुकानाची फळी, फळांचा बाजार, रंग वेगवेगळे आणि अक्षरं भरपूर. नकाशा दुसऱ्या-तिसऱ्याला. घरात तोंडात वस्तू घालणारं लहान मूल असेल तर अजून थांबा. एकट्याने रोज तासभर बसलात तर आमच्या हिशोबाने महिना धरा, आम्ही चौघं असून दहा संध्याकाळी लागल्या आणि शनिवार-रविवार तर दुपारपासूनच बसलो होतो. किंमत इथे वीस-पंचवीस डॉलरच्या घरात आहे, चित्राप्रमाणे कमी-जास्त. स्वस्तातलं त्याच्या निम्म्याला मिळतं हे खरंय. पण निम्म्या पैशात अर्धा आनंद मिळतो असं होत नाही इथे, काप वाईट असला तर उरलेला अर्धाही जातो. भारतात मागवणार असाल तर इम्पोर्टेड म्हणून जास्त पडतं, नातेवाईक येणार असतील त्यांना सांगा.

पैसे खर्च करायचे नसतील तर इथल्या लायब्ररीत चौकशी करा. आमच्या गावच्या लायब्ररीत दाराजवळ जिगसॉची फळी आहे, एक ठेवा एक न्या, नोंद नाही, कार्ड नाही. खोक्यावर रबरबँड आणि आत चिठ्ठी असते, सगळे तुकडे आहेत, अमुक महिन्यात मोजले. काही चिठ्ठ्यांवर चार-पाच वेगवेगळ्या हस्ताक्षरांत महिने लिहिलेले असतात, म्हणजे तेवढ्या घरांत ते लागलं आणि तेवढ्यांनी मोजून परत ठेवलं. या व्यवस्थेलाही माझे पाचपैकी पाच. मागच्या वर्षीचं ते दार नसलेलं घर मी तिथे ठेवलं नाही, ते दुसऱ्या कुणाच्या पोराला मिळावं असं मला वाटलं नाही.

पोराला आता रेवन्सबर्गरचं ४०,३२० तुकड्यांचं हवंय. ते खरंच आहे, डिस्नेच्या चित्रांचं, २०१६ मध्ये काढलेलं, पूर्ण झालं की जवळपास २२ फूट लांब. मी म्हटलं ठेवायचं कुठे, तर तो टेप घेऊन हॉल मोजायला गेला आणि आजी टेपचं दुसरं टोक धरायला.

शेवटचा तुकडा ७ तारखेला रात्री साडेनऊला बसला, दक्षिण पॅसिफिकमध्ये, जिथे काहीच नाही. चारही जणांनी एकेक बोट ठेवून दाबला. हजारच्या हजार, एक कमी नाही. दोन दिवस तो टेबलावर तसाच राहिला, लोक येऊन बघून गेले, आणि मग आईची परत जायची तारीख जवळ आली म्हणून बॅगा भरायला काढल्या. मी म्हटलं आई, हे तू घेऊन जा, बाबांना दाखव. तिने लगेच होकार दिला आणि तुकडे मोडून झिपवाल्या पिशवीत भरायला लागली, पण खोकं बाजूला सारलं.

"खोकं नको. जागा फार खातं. खोकं तिकडे बाबा करतील."

"अगं पण चित्र खोक्यावर आहे, चित्राशिवाय लावणार कसं?"

"त्यांना काप दाखवायचाय गं मला," म्हणाली, "चित्राचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाक."